स्टॅक ट्रेसमधला पाथ नक्की येतो कुठून? क्लायंटच्या लॉगमध्ये आमच्या बिल्ड मशीनचे फोल्डर दिसताहेत

महापे_शिफ्ट२

मंडळी, तीन सर्व्हिस आहेत. बिलिंग गोमध्ये, रिपोर्ट पायथन ३.११ मध्ये आणि स्क्रीन रिॲक्टमध्ये. बिल्ड महापेच्या ऑफिसात होतं, चालतं क्लायंटच्या सर्व्हरवर. त्यांच्या सिक्युरिटी ऑडिटमध्ये शेरा आला की लॉगमध्ये लॉगिनची नावं आणि आतली फोल्डर-रचना दिसते. लॉग बघितला तर स्टॅक ट्रेसमध्ये (एरर आली तेव्हा कोड कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीत होता त्याची यादी) खरंच दिसते:

गोरूटीन १ [रनिंग]:
मेन.बिलबनवा(...)
    /होम/देव३/काम/बिलिंग/बिल.गो:३१ +०एक्स१डी

रिपोर्टमध्ये:

फाइल "/होम/देव७/जुनं/करगणना/जीएसटी.पाय", लाइन ८८, इन कर_काढ

आणि ब्राउझरमधून येतं ते हे:

ॲट टी (मेन.३एफ२ए९१.जेएस:१:४८२१३)

सर्व्हरवर 'देव३' नावाचा युजरच नाही. नुसती बायनरी (कम्पाइल होऊन तयार झालेली फाइल) कॉपी केलीय. मग पाथ कुठून आला? शेजारच्या टीमचं जावा आहे, त्यांच्या ट्रेसमध्ये फोल्डर अजिबात दिसत नाहीत, ते कसं काय? आणि हे सगळं काढून टाकलं तर उद्या एरर आल्यावर आम्हीच आंधळे होणार नाही ना?

एक सुचलेला उपाय: लॉगरमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन टाकून '/होम/' पासूनचा भाग पुसायचा. चालेल का?

वागळे_बॅकएंड

लॉगरवाला उपाय आधी बाजूला ठेवा. गोची पॅनिक (प्रोग्रॅम थांबवणारी एरर) कुणी रिकव्हर केली नाही तर रनटाइम स्वतः स्टँडर्ड एररवर ट्रेस छापतो आणि प्रोसेस मरते. तुमचा लॉगर त्या वाटेवर नसतोच. म्हणजे ज्या ट्रेसमुळे शेरा आला, नेमका तोच रेग्युलर एक्स्प्रेशनच्या हाती लागणार नाही.

आता पाथ. ट्रेसमधला पाथ वाचताना एकच विचारायचं: हा कधी लिहिला गेला? कम्पाइल होताना, लोड होताना, की ट्रेस छापताना? प्रत्येक भाषेचं उत्तर वेगळं आहे आणि इलाज त्यावर ठरतो.

गोचा पाथ कम्पाइल होताना लिहिला जातो. बायनरीत एक टेबल असतं: मशीन कोडचा अमुक पत्ता म्हणजे तमुक फाइलची तमुक ओळ. पॅनिक झाली की रनटाइम स्टॅकवरचे पत्ते त्या टेबलात शोधतो आणि सापडेल ती अक्षरं छापतो. डिस्कवर ती फाइल आहे की नाही हे तो बघतही नाही. म्हणून युजर नसलेल्या सर्व्हरवर 'देव३' दिसतो.

इलाज एका फ्लॅगचा आहे:

गो बिल्ड -ट्रिमपाथ

गो १.१३ पासून, म्हणजे २०१९ पासून आहे. तो लावला की तीच ओळ अशी येते:

बिलिंग/बिल.गो:३१ +०एक्स१डी

तुमच्या कोडसाठी मॉड्यूलच्या नावापासूनचा पाथ, बाहेरच्या पॅकेजसाठी 'मॉड्यूल@व्ही१.४.२/फाइल.गो' आणि स्टँडर्ड लायब्ररीसाठी 'रनटाइम/पॅनिक.गो'. आंधळे व्हायचा प्रश्नच नाही, उलट बाहेरच्या पॅकेजचं व्हर्जन ट्रेसमध्येच वाचता येतं.

बरेच जण '-एस -डब्ल्यू' हे लिंकरचे फ्लॅग लावतात आणि समजतात की पाथ गेले. जात नाहीत. त्याने सिम्बॉल टेबल आणि डीबगरची माहिती जाते. वर सांगितलेलं ओळींचं टेबल रनटाइमला हवंच असतं, ते राहतं.

शेवटी खात्री करायची. बायनरीवर 'स्ट्रिंग्ज' चालवा, निकाल 'ग्रेप'मध्ये '/होम/' शोधायला द्या. शून्य ओळी आल्या पाहिजेत. मेकफाइलमध्ये फ्लॅग आहे पण बिल्ड डॉकरच्या आत वेगळ्या कमांडने होतंय, हा घोळ नेहमीचा. त्यापेक्षा डॉकरफाइलमध्येच 'गोफ्लॅग्ज' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये '-ट्रिमपाथ' टाका, म्हणजे कुणी कशीही कमांड दिली तरी लागू होतो.

पायथनबद्दल एक विचारतो: ते 'जीएसटी.पाय' तुमच्याकडे सोर्ससकट आहे, की फक्त पीवायसी (पायथनची कम्पाइल केलेली फाइल)?

खाडीपलीकडे

जावाचं मी सांगतो.

क्लास फाइलमध्ये 'सोर्सफाइल' नावाचा एक ॲट्रिब्यूट असतो आणि जेव्हीएमच्या स्पेसिफिकेशनप्रमाणे त्यात फक्त फाइलचं नाव असतं, फोल्डर नाही. ओळींचे नंबर वेगळ्या टेबलात. म्हणून ट्रेसमध्ये 'कॉम.अमुक.बिल.बनवा(बिल.जावा:४२)' एवढंच येतं. नुसतं 'बिल.जावा' म्हणजे नवी मुंबईत रिक्षावाल्याला 'सेक्टर १५' सांगण्यासारखं झालं. वाशीचा, ऐरोलीचा की बेलापूरचा? ते डावीकडचं पॅकेजचं नाव सांगतं. दोन्ही मिळून पत्ता पुरा होतो, म्हणून फोल्डरची गरज पडत नाही.

फसतं कुठे, तर तोच क्लास दोन जारमध्ये (जार म्हणजे क्लास फाइलींचा गठ्ठा) असला की. ट्रेस दोन्हींसाठी सारखाच दिसतो, ओळीचा नंबर मात्र तुम्ही उघडलेल्या सोर्सशी जुळत नाही. तेव्हा जेडीके ९ किंवा पुढे 'एक्सलॉग' ऑप्शनला 'क्लास+लोड' देऊन चालवा. प्रत्येक क्लास कुठल्या जारमधून उचलला ते छापलं जातं. जुन्या जेडीकेवर 'व्हर्बोज:क्लास'.

'अननोन सोर्स' आलं तर कुणीतरी 'जी:नन' लावून कम्पाइल केलंय किंवा ऑब्फस्केटरने (नावं बदलून कोड दुर्बोध करणारं टूल) ॲट्रिब्यूट काढलेत. अँड्रॉइडवाल्यांनी मॅपिंग फाइल प्रत्येक रिलीजबरोबर जपून ठेवावी, तिच्याशिवाय ट्रेस उलगडत नाही.

ऐरोली_फ्रंटएंड

फ्रंटएंडच्या ट्रेसमध्ये गळतं असं काही नाही, पण उपयोगही नाही. 'मेन.३एफ२ए९१.जेएस:१:४८२१३' म्हणजे पहिली ओळ, ४८२१३ वा कॉलम. मिनिफाय केल्यावर (रिकाम्या जागा आणि लांब नावं काढून कोड आखूड केल्यावर) अख्खा कोड एका ओळीत येतो, त्यामुळे ओळीचा नंबर कायम १ आणि सगळी माहिती कॉलममध्ये.

सोर्स मॅप (मिनिफाय केलेल्या कोडची जागा मूळ ओळीशी जोडणारी फाइल) बनवा पण सर्व्हरवर ठेवू नका. वेबपॅकमध्ये 'डेव्हटूल'ला 'हिडन-सोर्स-मॅप', व्हीटमध्ये 'बिल्ड.सोर्समॅप'ला 'हिडन'. याने मॅप फाइल तयार होते, पण बंडलच्या शेवटची मॅपकडे बोट दाखवणारी कॉमेंट येत नाही. एवढं करून लोक 'डिस्ट' फोल्डर जसाच्या तसा अपलोड करतात आणि मॅप त्यात असतोच! कॉमेंट नसली तरी नावापुढे '.मॅप' जोडून कुणीही मागू शकतं. बिल्डनंतर मॅप वेगळ्या जागी हलवायची पायरी स्क्रिप्टमध्ये पाहिजेच. ऑडिटवाल्यांना हे सापडलं तर होम फोल्डरपेक्षा मोठा शेरा येईल, कारण मॅपमध्ये साधारणपणे मूळ सोर्सही भरलेला असतो.

हाताने जागा शोधायची तर 'सोर्स-मॅप' लायब्ररीला ओळ १ आणि कॉलम ४८२१२ द्या. ४८२१३ नाही. ट्रेसमधला कॉलम १ पासून मोजलेला असतो, मॅपमधला ० पासून. मिनिफाय केलेल्या कोडात एका अक्षराच्या फरकाने शेजारचंच फंक्शन मिळू शकतं.

मॅप त्याच बिल्डचा हवा. फाइलनावातला '३एफ२ए९१' हा हॅश जुळला नाही तर उत्तर येईल पण चुकीचं, आणि ते चुकीचं आहे हे कळणारही नाही.

मॅप उघडून त्यातला 'सोर्सेस' नावाचा ॲरे एकदा नजरेखालून घाला. तिथे 'वेबपॅक://' नंतर प्रोजेक्टपासूनचे पाथ असायला हवेत. पूर्ण '/होम/...' दिसलं तर कॉन्फिगमध्ये कुणीतरी मॉड्यूलच्या फाइलनावाचा साचा बदलून ॲब्सोल्यूट केलाय.

नोडवर टाइपस्क्रिप्ट चालवत असाल तर नोड सुरू करताना 'एनेबल-सोर्स-मॅप्स' द्या, १२.१२ पासून आहे. आणि व्ही८ (नोडमधलं जावास्क्रिप्ट इंजिन) डीफॉल्टने ट्रेसच्या दहाच फ्रेम देतो. आपल्या कोडची ओळच दिसत नाही, सगळं फ्रेमवर्कचं दिसतं, असं झालं की 'एरर.स्टॅकट्रेसलिमिट' वाढवा.

महापे_शिफ्ट२

वागळे_बॅकएंड, बरोबर ओळखलंत. कर मोजायचं मॉड्यूल दुसऱ्या टीमकडून येतं, सोर्स देत नाहीत, फक्त पीवायसी. पण आमचं बाकीचं पायथन '/ॲप/रिपोर्ट/...' असा कंटेनरमधला पाथ दाखवतं, ते ठीक आहे. मग याच एका मॉड्यूलला काय झालं?

दोन गोष्टी अजून. ट्रिमपाथ लावून डॉकरमध्ये बिल्ड केलं तर 'एरर ऑब्टेनिंग व्हीसीएस स्टेटस: एक्झिट स्टेटस १२८' येऊन थांबतं. आणि पायथनच्या एका ट्रेसमध्ये 'रिपोर्ट.पाय, लाइन २१४' आहे, खाली कोड म्हणून एक कॉमेंट छापलीय. कॉमेंटमधून एरर कशी येईल?

वागळे_बॅकएंड

कॉमेंटपासून सुरू करतो, कारण तिथे लोकांचे तास जातात.

पायथनमध्ये ट्रेसची माहिती दोन वेगळ्या वेळची असते. फाइलचा पाथ आणि ओळीचा नंबर मेमरीतल्या कोड ऑब्जेक्टमधून येतात, म्हणजे प्रोसेस सुरू झाली तेव्हाचे. त्याखाली छापलेली कोडची ओळ मात्र ट्रेस छापताना डिस्कवरची फाइल उघडून वाचली जाते. तुम्ही 'गिट पुल' केलं, फाइल बदलली, पण वर्कर रीस्टार्ट केला नाही. मेमरीत जुना कोड, डिस्कवर नवी फाइल. नंबर २१४ जुन्याचा, मजकूर नव्याचा. ३.११ पासून ओळीखाली टोप्यांची खूण येते, तीही मग भलत्याच अक्षरांखाली पडते. रीस्टार्ट करा, आणि हा ट्रेस समजून घ्यायचा तर डिप्लॉयच्या आधीच्या कमिटमधली २१४ वी ओळ बघा.

आता पीवायसी. कोड ऑब्जेक्टमध्ये 'को_फाइलनेम' नावाची स्ट्रिंग असते, ती कम्पाइल होताना भरली जाते आणि पीवायसीत जाऊन बसते. सोर्स शेजारी असेल तर इम्पोर्ट करताना पायथन ती स्ट्रिंग आताच्या पाथने बदलून घेतो. म्हणून तुमचं बाकीचं सगळं '/ॲप/' दाखवतं, मूळ कुठेही कम्पाइल झालेलं असो. सोर्स नसेल तर हा बदल होत नाही, आत जे असेल तेच छापलं जातं. 'देव७/जुनं' हा त्यांच्या बिल्ड मशीनवरचा पाथ आहे. त्या फ्रेमखाली कोडची ओळ आलेली नाही, हेही बघा. ती फाइल तुमच्याकडे नाहीच, वाचणार कुठून?

सरळ मार्ग: त्या टीमला सांगा की 'कम्पाइलऑल' चालवताना '-एस' ला त्यांचा मूळ फोल्डर आणि '-पी' ला '/ॲप' द्या. पहिला पाथच्या पुढचा भाग कापतो, दुसरा नवा जोडतो. दोन्ही पायथन ३.९ पासून आहेत. सोबत '-बी' लागेलच, नाहीतर पीवायसी 'पायकॅश' फोल्डरमध्ये जातात आणि तिथून सोर्सशिवाय इम्पोर्ट होत नाहीत.

ते करत नसतील आणि करारात बसत असेल तर तुम्हीही बदलू शकता. पीवायसीचे पहिले १६ बाइट हेडरचे, ते तसेच ठेवा. पुढचा भाग 'मार्शल'ने वाचा, कोड ऑब्जेक्ट मिळतो. त्यावर 'रिप्लेस' मेथडने 'को_फाइलनेम' बदला आणि परत लिहा. ज्या पायथन व्हर्जनने पीवायसी बनली त्याच व्हर्जनने हे करायचं, म्हणजे ३.११ ची ३.११ नेच. आणि एवढ्यावर थांबलात तर ट्रेस जसाच्या तसा येईल! कारण बाहेरचा ऑब्जेक्ट मॉड्यूलचा आहे. प्रत्येक फंक्शनचा वेगळा कोड ऑब्जेक्ट त्याच्या 'को_कॉन्स्ट्स'मध्ये असतो, त्यात पुन्हा आतल्या फंक्शनचे. प्रत्येकात फाइलनेम स्वतंत्र. तेव्हा रिकर्सिव्ह जावं लागतं.

१२८ चं कारण ट्रिमपाथ नाही. गो १.१८ पासून बिल्ड करताना गिटचा कमिट बायनरीत नोंदवतो. डॉकरमध्ये फोल्डरचा मालक एक आणि बिल्ड करणारा युजर दुसरा असला की गिट 'फोल्डर संशयास्पद' म्हणून नकार देतं. नेटवर सगळे 'बिल्डव्हीसीएस=फॉल्स' सांगतात. मी सांगणार नाही. गिटच्या ग्लोबल कॉन्फिगमध्ये 'सेफ.डिरेक्टरी'ला तो फोल्डर जोडा. ती कमिटची नोंद तुम्हाला हवी आहे: पाथ कापल्यावर 'बिलिंग/बिल.गो:३१' ही ओळ कुठल्या कमिटमधली, हे फक्त तीच सांगते. 'गो व्हर्जन -एम' आणि पुढे बायनरीचं नाव, की दिसते. उलट, डॉकरइग्नोअरमध्ये '.गिट' असेल तर एरर येत नाही, नोंदही होत नाही, गुपचूप. तेही तपासा.

घणसोली_रात्रपाळी

थोडं वेगळं मत. इतकं सगळं कापण्यापेक्षा बिल्ड कायम कंटेनरमध्ये, कायम '/ॲप' याच फोल्डरमध्ये करा. कुणाच्या लॅपटॉपवरचं बिल्ड बाहेर जाऊच द्यायचं नाही. मग पाथ ॲब्सोल्यूट असला तरी त्यात सांगण्यासारखं काही उरत नाही, आणि गो, रस्ट, सी सगळ्यांना एकच इलाज.

याचा दुसरा फायदा एरर ट्रॅकरवाल्यांना. डिप्लॉय दरवेळी तारखेच्या नावाच्या नव्या फोल्डरमध्ये होत असेल आणि ट्रॅकर पाथवरून एररचे गट पाडत असेल, तर तीच एरर प्रत्येक रिलीजला 'नवी' म्हणून येते. फोल्डर स्थिर केला की हा त्रास जातो.

एडिटरमध्ये '/ॲप' चा पाथ उघडत नाही ही मग तक्रार येईल. पायथनच्या डीबगरला 'पाथमॅपिंग्ज', डेल्व्ह या गोच्या डीबगरला आणि जीडीबीला 'सब्स्टिट्यूट-पाथ'. एकदा लिहून रेपोत टाकून द्या.

वागळे_बॅकएंड

कंटेनरमध्ये बिल्ड करावंच, वाद नाही. पण रस्टमध्ये एक बघा: स्वतःचा कोड 'एसआरसी/मेन.आरएस:४:५' असा रिलेटिव्ह येतो, बाहेरची क्रेट्स (रस्टची पॅकेजेस) मात्र होम फोल्डरमधल्या 'कार्गो/रजिस्ट्री'चा पूर्ण पाथ दाखवतात. '/ॲप'मध्ये बिल्ड केलंत तरी होम '/रूट'च राहतो. ऑडिटला तो चालत नसेल तर 'रीमॅप-पाथ-प्रीफिक्स' लावावाच लागतो. आणि 'स्ट्रिप' करून तो जात नाही, कारण पॅनिकची जागा डीबग माहितीत नसते, साध्या स्ट्रिंग म्हणून प्रोग्रॅममध्येच असते.

टर्मिनलवाला

एक कोपरा राहिला. फोल्डरचं नाव देवनागरीत असेल तर.

नोडमध्ये जुन्या 'रिक्वायर' पद्धतीच्या फाइलचा ट्रेस साधा पाथ दाखवतो, ईएस मॉड्यूलचा मात्र 'फाइल:///' ने सुरू होणारी यूआरएल. यूआरएल म्हटलं की पर्सेंट एन्कोडिंग आलं. 'ठाणे' या फोल्डरमध्ये चार युनिकोड अक्षरं: ठ, काना, ण, मात्रा. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाचे ३ बाइट, एकूण १२. प्रत्येक बाइटची तीन चिन्हं, म्हणजे ट्रेसमध्ये 'ठाणे'च्या जागी ३६ चिन्हांची माळ. ती कॉपी करून 'सीडी' केलं तर अर्थातच फोल्डर सापडत नाही. कोडमध्ये अशी यूआरएल पाथ म्हणून वापरायची असेल तर पुढचे अक्षर मोजून कापू नका, 'फाइलयूआरएलटूपाथ' हे नोडचं फंक्शन आहे. विंडोजवरचं ड्राइव्हचं अक्षरही ते नीट सांभाळतं.

पीएनपीएमवाल्यांसाठी: ट्रेसमध्ये 'नोड_मॉड्यूल्स/.पीएनपीएम/अमुक@२.१.०/नोड_मॉड्यूल्स/अमुक' असा लांबलचक पाथ दिसला तर काही बिघडलेलं नाही. नोड सिमलिंक उलगडून खरा पाथ दाखवतो.

आणि ऑडिटचा मुद्दा लॉगपुरताच आहे का, हे विचारून घ्या. ट्रेस एचटीटीपी रिस्पॉन्समधून बाहेर जात असेल तर तो वेगळा आणि जास्त गंभीर प्रकार. एक्सप्रेसमध्ये 'नोड_एन्व्ह' प्रॉडक्शन नसेल तर डीफॉल्ट एरर हँडलर अख्खा स्टॅक ब्राउझरला पाठवतो. जँगोत 'डीबग' ट्रू राहिलं तर सेटिंगसकट पान येतं.

महापे_शिफ्ट२

सेफ.डिरेक्टरीने बिल्ड झालं, कमिटही दिसतोय. करगणनेची टीम '-एस -पी' लावून नवी पीवायसी देतेय. मॅप 'डिस्ट'मध्येच होते, हलवले.

गोच्या बायनरीवर 'स्ट्रिंग्ज' चालवलं तर शून्य नाही, दोन ओळी अजून येताहेत. दोन्ही '/होम/देव३/लिब/पीडीएफ/...सी' अशा. ट्रिमपाथ नक्की लागलाय.

वागळे_बॅकएंड

'.सी' म्हणजे आधीच कम्पाइल करून ठेवलेली स्टॅटिक लायब्ररी तुम्ही सीगोतून (गोमधून सी कोड वापरायची सोय) जोडताय. ट्रिमपाथ तिच्यापर्यंत पोचत नाही, कारण गो तिला कम्पाइल करत नाही, नुसती लिंक करतो. त्या दोन ओळी बहुतेक 'असर्ट'च्या (अट खोटी ठरली तर प्रोग्रॅम थांबवणारी तपासणी). असर्ट स्वतःच्या फाइलचा पाथ स्ट्रिंग म्हणून आत ठेवतो, आणि सीमेक कम्पाइलरला ॲब्सोल्यूट पाथ देतं म्हणून तो पूर्ण येतो.

ती लायब्ररी '-एफफाइल-प्रीफिक्स-मॅप=/होम/देव३/लिब=.' देऊन परत बिल्ड करा. जीसीसी ८ किंवा पुढचा लागेल. 'एफडीबग-प्रीफिक्स-मॅप' वापरू नका, त्याने फक्त डीबगरची माहिती बदलते, असर्टच्या स्ट्रिंग तशाच राहतात. जुनी '.ए' फाइल पुसून मग लिंक करा.

महापे_शिफ्ट२

शून्य ओळी.